जागा क्रमांक सात

इरईकाठ अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन
चंद्रपूर
१४ जून

प्रति,
डॉ. प्रणित बोरकुटे,
मु. हेमलकसा, ता. भामरागड, जि. गडचिरोली

विषय : जागा क्रमांक सातवरील न हललेल्या वाहनाबाबत.

महोदय,

आपल्या मालकीची जीप (रंग मूळचा हिरवा) इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये जागा क्रमांक सातवर फेब्रुवारीपासून उभी आहे. इमारतीत फ्लॅट सोळा आणि जागा बारा आहेत. मे महिन्याच्या सर्वसाधारण सभेत नियम क्रमांक नऊ मंजूर झाला. त्यानुसार जागा फ्लॅटला मिळत नाही, वापरातल्या वाहनाला मिळते.

१ जून रोजी प्रत्येक वाहनाच्या डाव्या मागच्या चाकावरून खालच्या फरशीपर्यंत खडूची एक सरळ रेघ मारण्यात आली. रेघ मोडली की वाहन हलले असे समजले जाते. तीन महिने रेघ मोडली नाही तर जागा रद्द होते आणि प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या सभासदाला दिली जाते. पहिले सभासद श्री. धनराज, फ्लॅट २०३, हे आहेत.

इतर सर्व वाहनांच्या रेघा पहिल्याच आठवड्यात मोडल्या. आपली जशीच्या तशी आहे.

तरी आपण ३१ ऑगस्टपर्यंत वाहन हलवावे.

कळावे,
दिव्यानी
सचिव

खालचं हाताने लिहिते आहे, ते असोसिएशनचं नाही.

नोटीस कागदावरच द्यायची असं ठरलं आहे, म्हणून तुलाही कागदावर. फोन लागत नाही हे दुसरं कारण, आणि लागला तर आपण दोघंही गप्प राहतो हे तिसरं. पत्ता पत्रूभाऊंकडून घेतला. वॉचमनकडे तुझा पत्ता होता, माझ्याकडे नव्हता.

नियम मीच लिहिला, हे तू ओळखलंच असशील. लिहिताना तुझी जीप डोळ्यांसमोर नव्हती. मे महिन्यात इथे काय झालं ते तुला माहीत नाही. उन्हात गाडी ठेवायला कोणी तयार नव्हतं. सावलीतली जागा धरायला लोकांनी आधी बादल्या ठेवल्या, मग कुंड्या, मग पहिल्या मजल्यावरच्यांनी जागा क्रमांक चारवर बाज टाकली आणि तिच्यावर सांडगे वाळत घातले. सांडग्यांवरून धनराजने गाडी वळवली. त्यानंतर दोन घरं बोलेनाशी झाली. खाणीत टिप्पर कुठे उभा राहील हे मी रोज ठरवते, म्हणून सगळ्यांनी मला सचिव केलं. मी टेप आणि चुना घेऊन खाली गेले आणि जागा आखल्या.

तब्येत बरी असेल.

दि.

२९ जून

प्रणित,

तुझं उत्तर आलापल्लीच्या बसच्या कंडक्टरने पत्रूभाऊंच्या हाती दिलं आणि त्यांनी ते तिसऱ्या मजल्यावर आणून दिलं. मागच्या बाजूला तुझ्या गुरांच्या दवाखान्यातली, जंताच्या औषधाची छपाई होती. कोरा कागद तिकडेही मिळत असावा.

तू लिहितोस, "महोदया, चावी दारामागच्या खिळ्याले आहे. तू रोज तिच्यावर छत्री टांगते. जीप तुले माझ्यापेक्षा बरी चालवता येते. मंग नोटीस मले काऊन?"

उत्तर असं. खिळ्यावर पाहिलं, चावी आहे. मला चालवता येते हेही खरं, खाणीत मी रोजच चालवते. पण वाहन मालकाने हलवावं असं नियमात आहे, आणि मालक तू आहेस. जीप तुझ्या बाबांनी तुझ्या नावावर केली होती. ते तिला बंडी म्हणायचे, बैलजोडी आणि बैलगाडी विकल्यावर घेतली म्हणून. हे सगळं तुला माहीत आहे. मी फक्त कागदावर आणते आहे.

काल सभा झाली. अध्यक्ष वामनरावच आहेत. वीज केंद्रातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला माणूस अजूनही भोंगा वाजल्यासारखा वेळेवर येतो. धनराज उशिरा आला आणि उभ्यानेच बोलू लागला.

"सेक्रेटरीबाई, माझी नवी गाडी बाहेर कडुनिंबाखाली आहे. पाखरांनी तिची मोरी केली. अन् इथी सातवर डॉक्टरची बंडी झोपून राह्यली. तिले पेन्शन लागली का?"

लोक हसले. मीही हसले असते, पण मी इतिवृत्त लिहीत होते.

"धनराज, बस खाली," वामनराव म्हणाले. "एकतीस ऑगस्ट लिहिलं आहे तं एकतीस ऑगस्ट."

"मी बसतोच, भाऊ. गाडी कुठी बसवू?"

मागून कोणीतरी म्हणालं, "नियम आपल्यासाठी, सूट नवऱ्यासाठी." आवाज ओळखला, नाव लिहिलं नाही. मी उठून सांगितलं की सूट कोणालाच नाही, ३१ ऑगस्टला रेघ शाबूत असेल तर १ सप्टेंबरला जागा धनराजभाऊंची. हे ऐकून धनराज खूश व्हायला हवा होता. तो पंख्याकडे पाहत बसला.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. बदली तू स्वतः मागून घेतलीस हे मला पुनमने जिन्यात सांगितलं होतं. धनराजच्या बायकोला माहीत आणि मला नाही, हा क्रम मला अजून जुळवता आलेला नाही. हेमलकशाला जायला माझी हरकत होतीच असं नाही. मला विचारलं असतंस तर मी कदाचित चार दिवस घेतले असते आणि मग हो म्हटलं असतं. ते चार दिवस तू मला दिले नाहीस. म्हणून त्या सकाळी मी म्हटलं की तुझी जागा मी धरून ठेवणार नाही. तेव्हा पार्किंगचा विषय नव्हता.

आता आहे. बघ काय ते.

दि.

१३ जुलै

प्रणित,

सातची रेघ मोडली.

चाकावरचा तुकडा फरशीवरच्या तुकड्यापासून वीतभर पुढे सरकला आहे. फरशीला तिथे उतार नाही. लेव्हल मीच घेतली होती. चावी खिळ्यावर, छत्रीखाली. म्हणजे कोणीतरी ढकलली. आरशाला तू टांगलेली बैलाची घंटी होती ना, तिच्यात चिंधी कोंबलेली सापडली. वाजू नये म्हणून. म्हणजे विचार करून ढकलली.

आधी मला वाटलं की तू येऊन गेलास. मी वर येऊन दोन्ही खोल्या आणि गच्चीचं दार पाहिलं. कोणी नव्हतं. तो तपासाचाच भाग होता.

मग पत्रूभाऊंना विचारलं.

"मी कायले ढकलीन, बाई? माझी कंबर पाह्यली का तुम्ही? डॉक्टरसाहेब बैलाचं इंजेक्शन देतो म्हणत होते तिले."

"दिवसभर गेटवर तुम्हीच असता."

"गेटवर असतो. गेट तिकडे आहे, गाडी इकडे आहे. माझं तोंड तिकडे राह्यते."

धनराजवर संशय घेता येत नव्हता. रेघ मोडली तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजायची, असं मीच लिहिलं आहे. जीप हलल्याने नुकसान त्याचंच. आजच्या सभेत त्यानेच सगळ्यात मोठा आवाज केला. "गाडी चरायले गेली होती का? अन् चरून पुन्हा गोठ्यात येऊन उभी राह्यली? मोठी गुणाची आहे."

वामनराव शांतपणे म्हणाले, "हे पाहा, खूण मोडली. नियमात लिहिलं आहे, वाहन हललं पाह्यजे. हललं. आता मुदत नव्यानं. विषय संपला." आणि चष्मा पुसू लागले. एवढा गंभीर विषय त्यांनी इतक्या लवकर कधी संपवलेला नाही.

मला तिथेच बसून राहता आलं असतं. तुला तीन महिने मिळाले असते. पण पळवाट माझ्या नियमातली होती आणि फायदा माझ्या घराला होणार होता. मी उठले. चावी लावून, इंजिन सुरू करून हलवलेलंच वाहन हललं असं धरावं, मुदत १ जूनपासूनच मोजावी आणि पुन्हा कोणी हात लावू नये म्हणून सातवर जॅमर लावावा, असा ठराव मांडला.

टाळ्या अपेक्षित नव्हत्या. पण सगळे एकमेकांकडे पाहू लागले, तेव्हा मला पुन्हा विचारावं लागलं, कोणाची हरकत आहे का. धनराज म्हणाला, "नाई." हरलेल्या माणसासारखा म्हणाला. हे मला समजलं नाही, म्हणून तुला लिहून ठेवते.

जॅमर मी स्वतः लावला. पिवळा, डाव्या मागच्या चाकाला. नवी रेघ मारली. जॅमरची चावी जीपच्या चावीशेजारी टांगली आहे, घरात दुसरा खिळा नाही. घंटीतली चिंधी काढून टाकली. निळी, बारीक फुलांची. कुठेतरी पाहिलेली वाटते.

तुझ्याकडे नाल्यांना पाणी आलं असेल. ओल्या पायांनी झोपू नकोस.

दि.

३ ऑगस्ट

प्रणित,

तुझा निरोप पोचला. एकच ओळ, "बांधलेलं जनावर वैरण खात नाई, एवढं ध्यानात ठेव." जीप वैरण खात नाही. पण ओळ मी ठेवून घेतली आहे.

रेघ कोणी मोडली ते कळलं. तपास करून नव्हे. खाणीत पाणी भरलं, ब्लास्टिंग बंद झालं आणि कंपनीच्या बसने आम्हाला गडचांदूरहून दुपारीच परत आणून सोडलं. रोज मी दिवे लागल्यावर येते, हे सगळ्या इमारतीला ठाऊक आहे. त्या दिवशी जेवणाच्या वेळेला आले.

जागा क्रमांक सातजवळ वामनराव उभे होते, कारखान्यात उभे राहत असतील तसे, हात मागे बांधून. शेजारी पत्रूभाऊ लोखंडी सब्बल घेऊन. पुनम जीपच्या आरशाशी, हातात निळी चिंधी, बारीक फुलांची. तो तिचाच जुना गाऊन आहे, मी तो दोरीवर वर्षभर पाहिला आहे. आणि जीपखालून दोन पाय बाहेर आलेले.

"हे पाय कोणाचे?" मी विचारलं.

पुनम म्हणाली, "आमचेच आहेत."

वामनराव म्हणाले, "बाई, तू आज लवकर."

"खाणीत पाणी आहे. सब्बल कशाला?"

"पत्रूची आहे. त्याले सवय आहे हातात धरायची."

पत्रूभाऊंनी मान हलवली. खालून धनराज सरपटत बाहेर आला. पाठ सगळी काळी झालेली. त्याने आधी जॅमरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मजबूत जॅमर घेतला तुम्ही. माझ्या गाडीले गेटसमोर लावला होता तो हलका होता."

"तोच आहे हा."

"मंग मले तेव्हा काऊन नाई सुचलं सब्बलचं," तो म्हणाला.

मी विचारलं, "धनराजभाऊ, चार आठवड्यांनी ही जागा तुमची होणार आहे. तुम्हाला कळतंय ना?"

"कळते ना. म्हणूनच तं."

"म्हणजे?"

तो हात पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "मी इथी गाडी लावीन. रोज संध्याकाळी जिन्यानं वर जाईन. तुम्ही भेटान. मी काय म्हणू? आज तुमच्या नवऱ्याच्या जागेवर बरी सावली होती, असं म्हणू? ही पुनम तं म्हणते, मी त्या गाडीत बसणार नाई."

"मी असं नाई म्हटलं," पुनम म्हणाली. "मी म्हटलं, मंग मी भाजीची वाटी कोणत्या तोंडानं वर पाठवू."

"आणि सभेत जे बोलत होता ते?"

"सभेत बोलाच लागते. नाई तं तुम्हाले शंका आली असती. तुम्ही काही साध्या बाई आहे का?"

वामनरावांनी मागे बांधलेले हात सोडले. आता म्हणाले, "हे पाहा बाई, डॉक्टर जाताना आमच्यापाशी काई बोलला नाई. दोन ट्रंका घेतल्या अन् एसटीत बसला. घरची जीप दारात असताना माणूस ट्रंका घेऊन एसटीत काऊन बसते? ज्याले परत यायचं नसते ना, तो जागा रिकामी करून जाते."

मी त्यांना सांगितलं की ठराव झालेला आहे, जॅमर निघणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. पत्रूभाऊंनी सब्बल खांद्यावर टाकली आणि चौघं चार दिशांना गेले, शाळा सुटल्यासारखे. मी वर आले. छत्री खिळ्यावर टांगली. पुन्हा काढली. पुन्हा टांगली.

मी मोजणीचं काम करते. जीप, रस्ता, दोन ट्रंका, एसटी, हे सगळं माझ्यासमोर फेब्रुवारीतच होतं. बेरीज वामनरावांनी केली.

संध्याकाळी पुनमने तरोट्याची भाजी पाठवली. वाटी रिकामी परत करायची नसते आणि घरात काही नव्हतं, म्हणून तू जूनमध्ये पाठवलेल्या चारोळीतली मूठभर घालून दिली. चारोळीबद्दल मी लिहिलं नव्हतं. मिळाली होती. बरीचशी मीच खाल्ली.

दि.

२१ ऑगस्ट

प्रणित,

उद्या पोळा आणि परवा तान्हा पोळा. मुलं लाकडी बैल घेऊन खालच्या पार्किंगमध्ये जमणार, म्हणून परवा सगळ्या गाड्या बाहेर काढायच्या असं परिपत्रक मी काढलं. सातच्या गाडीला ते लागू करता येईना. ज्या गाडीला मी जॅमर लावला तिलाच बाहेर काढा असं मीच लिहिणं बरं दिसत नव्हतं. मुलांनी प्रश्न सोडवला. ती गाडी नाहीच, मोठा बैल आहे, असं त्यांनी ठरवलं.

आज खांदमळणी. बसने उतरले तेव्हा खाली गलका होता. पुनमने हळद आणि लोणी कालवून दिलं होतं आणि मुलं जीपच्या चाकांवरचे पत्रे चोळत होती, खांदे समजून. नांगरणीने खांदे दुखतात म्हणून चोळायचे. तुझ्या जीपने सहा महिन्यांत काही ओढलेलं नाही. बॉनेटवर धनराजच्या गाडीचं नवं कव्हर झूल म्हणून घातलं होतं. धनराज स्वतः झडती म्हणत होता. यमक जुळवून बैलांसमोर म्हणायची ती असते, पण त्याने ती मला पाहून जोडली असावी :

चाक बांधलं, चावी टांगली, धनी गेला रानात,
सेक्रेटरीबाई नोटीस लिहिते, ऐकू येते कानात.
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव.

मुलांना अर्थाशी देणंघेणं नव्हतं. त्यांनी महादेव एवढ्या मोठ्याने म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरून कोणीतरी वाकून पाहिलं.

वामनराव खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बाई, आमच्या घरी पूजा नाई, पण माझ्या बापाजवळ बैल होते. पोळ्याले बैलाच्या मानेवर जू राहत नाई. आज रात्रीपासूनच काढून ठेवतात."

"भाऊ, ती जीप आहे."

"जीप आहे हे मले माहीत आहे. मी फोरमन होतो."

"आणि ठराव आहे."

"ठराव एकतीसपर्यंत आहे. मी ठरावाले हात लावून राह्यलो का? मी जूची गोष्ट करून राह्यलो. तू जू काढ. खूण राहू दे."

मी जिन्याकडे वळले. वर गेले, छत्री काढली, चावी घेतली, खाली येऊन जॅमर काढला. मुलं बाजूला सरकली. रेघ मी पाहिली, शाबूत होती. पुनमने माझ्या हातावर उरलेली हळद ठेवली, तिथे उभी होते म्हणून मीही चोळली. डाव्या बाजूचा मागचा पत्रा. लोणी जरा जास्त झालं होतं.

मग मुलांनी जीपसमोर उभं राहून आवतण दिलं, तुझ्या आईच्या गावी देतात तसंच. आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

आता जे लिहायचं ते लिहिते.

वाहन मालकाने हलवावं असं नियमात कुठेही नाही. मी तुला तसं लिहिलं, ते खरं नव्हतं. चावी लावून कोणीही हलवलं तरी चालतं. एकोणतीस जूनला चालत होतं, आजही चालतं. जीप मी सकाळी बसला जाण्याआधी गेटपर्यंत नेऊन परत आणली असती तर जागा राहिली असती, सभेत कोणी हसलं नसतं आणि म्हाताऱ्या माणसांना सब्बल उचलावी लागली नसती. खिळ्याजवळ मी कितीदा तरी गेले. पण मी हलवली असती तर ती माझी गाडी झाली असती आणि माझी जागा. तुझी जागा तशी राखता येत नाही. मला ती तुझीच हवी होती.

धरून ठेवणार नाही म्हटलं होतं. धरून ठेवली आहे.

आलापल्लीच्या पुढे नाल्यांवरून पाणी आहे आणि बस तिथेच थांबते, असं कंडक्टर म्हणाला. तो हे पत्र तिथल्या डेपोत तुझ्या दवाखान्याच्या माणसाकडे देणार आहे. तेव्हा उद्याचं जेवण तुला गाठता येणार नाही. पुरण मी जास्तीचं वाटते आहे. पोळ्या नंतरही होतील.

नियम बदललेला नाही. मुदत ३१ ऑगस्ट.

आज आवतण घे.

दिव्यानी

इरईकाठ अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन
चंद्रपूर
३१ ऑगस्ट, सकाळ

प्रति,
डॉ. प्रणित बोरकुटे,
फ्लॅट ३०१, आतली खोली (झोपलेले)

विषय : वाहन रेषेबाहेर लावल्याबाबत.

महोदय,

काल दुपारी जागा क्रमांक सातवरून घंटीचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत आला. घंटीत चिंधी नव्हती. सचिव पाहणीसाठी तत्काळ खाली आल्या. त्या अनवाणी आल्या, असं पत्रूभाऊ गेटवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आहेत. त्या वेळी त्यांचं तोंड गेटकडे असायला हवं होतं.

चावी घ्यायला आपण आधी वर यायला हवं होतं. दुसरी चावी आपल्या खिशात पहिल्यापासून होती, हे आपण जूनमध्ये कळवलं नाही. याची वेगळी चौकशी होईल.

पोळ्याला काढलेला जॅमर पुन्हा लावलेला नव्हता, पण वाहनाची बॅटरी पूर्ण उतरलेली असल्याने धक्का द्यावा लागला. श्री. वामनराव, श्री. धनराज, सौ. पुनम आणि पत्रूभाऊ यांनी वाहन ढकललं. ढकलण्यास मनाई होती, परंतु चावी लावलेली होती आणि इंजिन सुरू झालं, त्यामुळे हे हलवणं नियमात बसतं. धनराज यांनी ढकलताना, "आता तरी दिवसाढवळ्या ढकलू द्या बाई," असं म्हटलं. रेघ मोडल्याची नोंद घेतली आहे.

सायंकाळी आपण सभासदांसमोर सांगितलं की जीप आपण परत जाताना घेऊन जाल, जागा धनराज यांना द्यावी, आणि आपण याल तेव्हा ते स्वतःची गाडी कडुनिंबाखाली काढतील. धनराज लगेच हो म्हणाले. अशी तरतूद नियमांत नाही. ती मला लिहावी लागेल. ज्याच्याकडे जीप आहे त्याला एसटीची सबब राहत नाही, एवढं त्यात स्पष्ट असेल. आलापल्लीच्या पुढचा रस्ता मला एकदा स्वतः पाहायचा आहे. त्यासाठी मी खाणीत रजा टाकली आहे. चार दिवस लागतील असं वाटत होतं, पण अर्ज लिहायला चहा थंड होण्याइतकाच वेळ लागला.

आता मूळ विषय. वाहन परत लावताना त्याचं डावं मागचं चाक पांढऱ्या रेषेच्या बाहेर गेलं आहे. मोजून पाहिलं, सहा इंच. आपण अंधारात लावलं नव्हतं, आणि आपल्याला नीट लावता येतं हे मला माहीत आहे. हे मुद्दाम केलेलं दिसतं.

याबाबत हरकत असल्यास ती सात दिवसांच्या आत सचिवांकडे समक्ष नोंदवावी. आपली रजा पाच दिवसांची आहे, याची मला कल्पना आहे. मुदत सातचीच राहील.

पुरण फ्रीजमध्ये आहे. उठल्यावर आवाज द्यावा, पोळ्या गरमच करते.

दिव्यानी
सचिव